शोकसभेतली दोन मिनिटं

आज सर गेले. मला वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून शाळेच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. 'जिभेवर सरस्वती होती.' 'असा वक्ता पुन्हा होणे नाही.'

वक्ते होते, यात वादच नाही. माझं भांडण वेगळं आहे.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. या रीतीचा उपयोग कसा करायचा हे सरांइतकं कोणालाच जमलं नाही. म्हणून आज मी ती पाळणार नाही.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. सत्तरच्या दशकातलं नागपूर. आमचा गिरणी कामगारांचा मोहल्ला. सर शाळेत मराठी आणि वक्तृत्व शिकवायचे, आणि मोहल्ल्यात कुठंही माइक लागला की त्याच्यामागे सर.

सत्कार, निरोप, गणपतीचं उद्घाटन, शोकसभा. आवाज असा की पानठेलेवाला चुना लावता लावता थांबायचा.

माझे बाबा गिरणीत होते. मी सातवीत असताना मशीनच्या पट्ट्यात सापडून गेले.

कामगारांनी काम बंद केलं. आणि लगेच कुठून तरी कुजबुज सुटली, "पिऊन होता म्हणे."

बाबा सुपारीसुद्धा खात नसत.

हे आईच्या कानावर आलं तेव्हा तिचं रडणं थांबलं. म्हणाली, "शोकसभा हाय ना? सारे येतीन. तिथंच सांगीन मी."

सभा गिरणीच्या आवारात होती. स्टेजवर मॅनेजर साहेब, बाजूला सर. खाली अख्खा मोहल्ला, चिडलेला. आई पुढच्या सतरंजीवर, मी तिला चिकटून.

सर उठले. बाबांना त्यांनी 'श्रमदेवतेचा पुजारी' केलं. बायका हुंदके देऊ लागल्या. मग आवाज एकदम खाली आणला.

"माणूस आहे, चुकतो. गेलेल्या माणसाच्या चुका आपण पोटात घालू या."

बघा हं. त्या स्टेजवरून कोणीही आरोप केला नव्हता. सरांनी थेट माफीच देऊन टाकली. आणि माफी मिळाली म्हणजे माणसानं काहीतरी केलंच असणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं.

आई उभी राहिली. "सर, मले बोलाचं हाय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. शपथेवर सांगते, पाहिलं. आणि माइकमध्ये म्हणाले,

"वहिनी उभ्या राहिल्याच आहेत. आपणही सगळे उभे राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळू या."

सगळे उठले.

बोलायला उठलेली माझी आई त्या गर्दीत इतरांसारखीच एक उभी बाई झाली. तिचं तोंड अर्धवट उघडं होतं. पण स्तब्धता चालू असताना कोण बोलणार?

आणि स्तब्धतेनंतर आपल्याकडे कोणी बोलत नाही. आभार नाहीत, चहा नाही. लोक चपला शोधतात आणि मुकाट घरी जातात. तसेच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. माणसं कामावर गेली.

शाळेत मी 'बेवड्याची पोरगी' झाले.

आणि आई मात्र पुढची कित्येक वर्षं स्वतःलाच बोल लावत राहिली. "मीच उशिरा उठली वं. थोडं आधी उठाले पायजे होतं."

पुढे दहावीत सरांच्या वक्तृत्वाच्या तासाला बसले. विषय, भाषणांचे प्रकार आणि त्यांचे हेतू. सर रंगात आले होते.

"प्रकार लोकांना दिसतो, हेतू फक्त वक्त्याला ठाऊक असतो. सांगा, शोकसभेतल्या भाषणाचा हेतू काय?"

कोणीतरी म्हणालं, श्रद्धांजली. सर हसले.

"गिरणीत एकदा एक कामगार गेला. लोकं पेटून राहिले होते. मॅनेजर म्हणे, सर, काहीतरी करा. आता तिथं 'कामावर चला' म्हटलं असतं तर मार खाल्ला असता. मी श्रद्धांजलीच दिली. हेतू मात्र, सगळ्यांना थंड करून घरी पाठवणं. मधेच त्याची बायको उठली बोलाले. मी तिथंच स्तब्धता जाहीर केली. सभा खतम! याले म्हणतात प्रसंगावधान. समजलं काय गा?"

पोरं हसली. दोघी-तिघी वळून माझ्याकडे पाहू लागल्या. सभेत सरांनी आईकडे पाहिलं होतं, तिला चिकटलेल्या माझ्याकडे नाही; मी त्या बाईची मुलगी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. माहीत असतं तर ते बोलले नसते. तेवढे हुशार होते.

घरी जाऊन आईला शब्दन् शब्द सांगितला. ती पोळ्या लाटत होती. मला वाटलं, भडकेल.

"म्हणजे तो मुद्दाम करून राहिला होता?"

"हो."

"म्हणजे मी वेळेवरच उठली होती."

एवढं म्हणाली आणि लाटणं बाजूला ठेवून मोठमोठ्यानं रडली. सर, त्या दिवशीचा राग माझ्या मनातून कधीच गेला नाही. बाबांवर तुम्ही डाग लावलात ते एक. पण माझ्या आईला तुम्ही तीन वर्षं स्वतःच्याच नजरेत गुन्हेगार करून ठेवलंत.

आत्ता ग्रुपवर मेसेज आलाय. उद्या हॉलमध्ये शोकसभा आहे. 'तू कोर्टात एवढी बोलतेस, सरांवर दोन शब्द तूच बोल.'

मी येणार नाही. कृपया पुन्हा विचारू नका.

आईही आता नाही. त्या दिवशी तिला काय बोलायचं होतं ते तिनं मला पुढे अनेकदा सांगितलं. फार मोठं नव्हतं. दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. तिच्याच शब्दांत लिहिते.

"माहा नवरा पेत नव्हता. पट्ट्यावरची जाळी निघून पडली होती, हे त्यानं साहेबाले सांगतलं होतं. उद्या त्या जागी तुमच्यातलाच कोणी उभा राहीन. जाळी बसवल्याबिगर कामावर जाऊ नका, बापा."

सर, जा आता. माझ्याकडून श्रद्धांजली नाही.