युगलगीतातली बाई

आर्णीत आजवर होऊन गेलेली सर्वांत गोड गळ्याची गायिका म्हणजे माझे मामेसासरे. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. उंची सहा फूट, मिशा हँडलसारख्या, आणि हयात गेली ती कापसाच्या काट्यावर. तिथे त्यांनी "थांबव रे बंडी!" अशी आरोळी दिली की बैलांआधी माणसं थांबत. पण हाच माणूस गायला लागला की गळ्यातून सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज निघे, आणि तीही लाजरी. त्यांच्या तरुणपणी तालुक्यातालुक्यात ऑर्केस्ट्रा निघाले होते आणि घरची लेक स्टेजवर पाठवायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा युगलगीतांतली बाई मामाजींनी पत्करली, ती चौदा वर्षं निभावली. सफारी घालून, मिशांना तेल लावून ते माइकपुढे उभे राहत. नेरकडच्या एका गावात म्हणे गाणं संपल्यावर लोकांनी स्टेजमागची कनात उचलून पाहिली होती. "खरं सांगा राजेहो, बाई कुठं लपवली?"

स्टेज सुटलं तरी गळ्याची बडदास्त सुटली नाही. मे महिन्यात यवतमाळ भट्टीसारखं तापलेलं असताना मामाजी मफलर गुंडाळून बसतात. दही वर्ज्य, मठ्ठा वर्ज्य, पंखा तर वैरी. माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीवरचे सगळे पंखे त्यांनी एकेक करून बंद केले आणि वऱ्हाडी घामाघूम झाल्यावर, "गळे तं शाबूत राह्यले ना?" असं सगळ्यांना विचारत फिरले. खिशात रुमाल नसेल, पण ज्येष्ठमध असतो. सत्तरी उलटून चार वर्षं झाली तरी रोज सकाळी अंगणात गाणं असतंच, आणि तेही फक्त आपल्या वाटणीचं. स्वतःची ओळ म्हणायची, मग पुरुषाच्या ओळीला बरोबर तेवढाच वेळ गप्प राहायचं, डावीकडे पाहून किंचित हसायचं, आणि पुन्हा आपली ओळ. त्या गप्प वेळात मामेसासूबाईंनी चहाचं विचारलं तर हात वर होतो. मी नवा जावई होतो तेव्हा कौतुकानं मधली ओळ म्हणून टाकली. मामाजी थांबले. रागावले नाहीत, पण म्हणाले, "जवाईबापू, ते जागा रिकामी नाही."

ती जागा मारेगावच्या टेलरची होती. दिवसभर शिवणाचं मशीन आणि रात्री पुरुषाचा आवाज, अशी त्या गृहस्थांची विभागणी. दोघांची जोडी इतकी जमली होती की एक खोकला तर दुसरा पाणी पीत असे. मग एका जत्रेत आयोजकांनी न सांगताच नागपूरहून खरीखुरी गाणारी मुलगी आणली. मामाजी बाजूला उभे होते, आणि टेलर तिच्यासोबत गायले. एक नाही, सलग तीन गाणी. मामाजी तिसरं गाणं संपायच्या आत मिळेल त्या ट्रकनं आर्णीला परतले आणि पुन्हा म्हणून स्टेजवर चढले नाहीत. "त्यानं मले इचारलं बी नाही," एवढंच ते सांगत. तीसेक वर्षं झाली या गोष्टीला. वणीला नातेवाइकांकडे जाताना वाटेत मारेगाव लागतं. स्टँड आलं की मामाजी मफलर डोक्यावरून ओढून नवरीसारखे बसतात आणि बस सुटेपर्यंत तोंड दाखवत नाहीत. हे मी स्वतः शेजारच्या सीटवरून पाहिलं आहे.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात यवतमाळच्या काही तरुण मंडळींनी जुन्या जमान्याचा महोत्सव भरवला. लोहाऱ्याच्या अलीकडे कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग होतं, त्याच्या शेडमध्ये त्यांनी अख्खं गतकाळाचं गाव उभारलं. एका शेडमध्ये रेल्वेचा फलाट, घंटा आणि लाकडी बाकांसकट. एका ठिकाणी रेडिओ गल्ली. कॉलेजच्या गॅदरिंगचा मांडव, तिथे भाड्यानं बेलबॉटम मिळत. आणि मधोमध ऑर्केस्ट्राचं स्टेज, समोर नाचायला मोकळी जागा. माझ्या बायकोनं मामाला न विचारता त्याचं नाव देऊन टाकलं.

"कायले नाव देलं पोरी?" मामाजी म्हणाले. "जोडीदाराबिगर बाई एकटी गाऊन काय करन?" पण ठरल्या दिवशी सफारीला इस्त्री झालेली होती.

दुपारी आम्ही पोचलो. ठिपक्याठिपक्यांचे फ्रॉक घातलेल्या मुली आणि कल्ले चिकटवलेली मुलं पाहून मामाजींची कळी खुलली. फलाटावरच्या घंटेचा आवाज चुकीचा आहे, रेडिओवरचा विणलेला रुमाल उलटा घातला आहे, अशा दुरुस्त्या सांगत ते चालले होते आणि एकदम थबकले. समोर 'जुन्या फॅशनचे टेलर' असा सजावटीचा देखावा होता, आणि पायमशीनवर खरेच टेलर बसलेले होते. मारेगावचे. गळ्यात टेप, नाकावर चष्मा. मामाजी माझा हात धरून रेडिओ गल्लीत शिरले. "घरी चाला, जवाईबापू. मले खोकला येऊन राह्यला." खोकला कुठेच नव्हता. तेवढ्यात लाउडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं गेलं.

ऑर्केस्ट्रातला एक तरणाबांड गायक पुरुषाच्या ओळी म्हणायला तयार उभा होता. मामाजींनी त्याला हातानंच मागे सारलं आणि गायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत आवाज कापला, दुसऱ्या ओळीत सापडला, आणि सहा फुटी मिशाळ म्हाताऱ्यातून ती लाजरी मुलगी निघाली तेव्हा शेडमध्ये शिट्ट्यांचा पाऊस पडला. मग पुरुषाची ओळ आली, आणि नुसतीच वाद्यं. लोकांना वाटलं माइक बिघडला. कुणी हसलंसुद्धा. मामाजी डावीकडे पाहून थांबले होते.

दुसऱ्या वेळी ती जागा आली तेव्हा गर्दीतून वाट काढत टेलर पुढे आले. त्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. त्यांनी गळ्याला हात लावून मान हलवली, आणि मग, देवाशपथ सांगतो, ते नाचायला लागले. खांदे उडवत, एक गुडघा वाकवत, गळ्यातला टेप झुलवत, आपल्या वाटणीची प्रत्येक ओळ त्यांनी पायांनी म्हटली. मामाजींची ओळ आली की उभे राहत, आपली आली की नाचत. शेवटची ओळ दोघांनी मिळून म्हणायची होती. मामाजींनी ती म्हटलीच नाही. माइक ठेवला, पायऱ्या उतरले, आणि वाद्यांवर ती ओळ चालू असेपर्यंत दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून डुलत राहिले.

नंतर आम्ही त्या देखाव्यातल्या दुकानात बसलो. टेलर कुजबुजल्यासारखं बोलत. कान जवळ न्यावा लागे. गळ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती.

"मले काहून नाही सांगतलं बे?" मामाजींनी विचारलं.

"माह्यं दुकान स्टँडसमोरच हाय," टेलर म्हणाले. "खिडकीत मफलर दिसे. उतरशीन म्हणून मी दर वेळी मशीन थांबवो."

मामाजी बराच वेळ ज्येष्ठमधाची पुडी उलगडत आणि मिटत बसले. "तिच्यासंगं गायला तू. तीन गाणे."

"एकच गाणार होतो. दुसऱ्याच्या टायमाले तुले पाह्यलं, तू हसून राह्यलता. मले वाटलं तुले चाललं."

"ते हसणं होतं का बे?" मामाजी म्हणाले. टेलरनं त्यांना उभं केलं आणि शर्टाचं माप घेतलं. छातीशी टेप धरला, पण आकडा वहीत लिहिला नाही.

उन्हाळा लागायच्या सुमारास मी आर्णीला गेलो तेव्हा मामाजी मारेगावहून नुकतेच परतले होते. टेलरनं शिवलेला शर्ट मला दाखवायचा म्हणून त्यांनी तो उलटा केला. शिवणींच्या आत दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कापड सोडलेलं होतं, टेलर लोक ज्याला माया म्हणतात ते.

"म्हने अंग भरलं तं उसवता येते," मामाजी म्हणाले. "चौऱ्याहत्तर वर्साच्या मानसाचं अंग कवा भरन, जवाईबापू? पन लय माया ठेवली त्यानं."

त्यांनी शिवणीवरून एकदा बोट फिरवलं, आणि शर्ट तसाच, उलटाच, घडी घालून ठेवला.