कुणाचे तरी काका

कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून रोल संपला का ते बघायचं नसतं, हे मला कळलं तेव्हा आमचं अख्खं खानदान उजेडात जळून गेलं होतं. "गाढवा," आत्या म्हणाली, "पाच पिढ्या जमवायला माझे केस पिकले, आणि तू एका झटक्यात घालवल्यास!"

वंशावळ काढणं हा त्या काळी राजघराण्यांचा उद्योग, नाहीतर इस्टेटीवरून कोर्टात भांडणाऱ्यांचा. आमच्याकडे ना राज्य, ना इस्टेट. पण आत्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. ट्रंक कॉल जोडताना आमचं आडनाव कानावर पडलं की ती मध्येच घुसायची, "माफ करा हं, तुमचे आजोबा डावखुरे होते का?" साहेबांनी समज दिली, तिनं ती ऐकून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्याच मावशीचं माहेर शोधून दिलं. मग कुणी बोललं नाही. गावोगावच्या डिरेक्टऱ्या चाळून आमच्या आडनावाच्या प्रत्येकाला तिनं पत्र घातलं, 'आपण आमचेच असावात असं वाटतं. अवश्य यावे.' अशी आमची संमेलनं सुरू झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये, दर वर्षी. भिंतीवर खाकी कागदाची वंशावळ. खात्रीचा माणूस शाईनं, बाकीचे पेन्सिलीनं. माझा जन्मदाखला हरवला होता, म्हणून सख्खा भाचा असून मी बरीच वर्षं पेन्सिलीत होतो.

तर रोल जळला. फोटो पुन्हा काढायचा ठरला, आणि या खेपेला गोंधळ नको म्हणून आत्यानं घराघरानं उभं राहायला सांगितलं. घड्याळवाले इकडे, छापखानावाले तिकडे, मास्तरांचं घर मध्ये. सगळे उभे राहिले, आणि हॉलच्या मधोमध काका उरले. हातात घडीची खुर्ची.

काकांना ओळखत नाही असा आमच्यात कुणी नव्हता. खुर्च्या मांडणारे, रडकी पोरं खांद्यावर घेऊन फिरणारे, शेवटच्या पंगतीला बसणारे काका.

"अहो, तुमचे काका राहिले की!" छापखानावाले घड्याळवाल्यांकडे बघून ओरडले.

"आमचे? आम्हाला वाटलं मास्तरांचे."

"छे, आमच्यात एवढं कामसू कोण आहे?"

हशा पिकला आणि अर्ध्यातच विझला. काकांनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. आत्याकडे बघत ते म्हणाले, "ताई, मला घाई नाही. तुम्हाला पत्ता लागेल तेव्हा सांगा."

ते अनाथाश्रमात वाढले होते. वजनकाटे दुरुस्त करायचे. आडनाव आमचंच आणि दुकानात फोन, म्हणून आत्याचं पत्र त्यांनाही गेलं होतं, आणि त्यातल्या 'असं वाटतं' एवढ्या आधारावर हा माणूस पहिल्या संमेलनापासून येत होता. आपण कुणाचे ते आत्या एक दिवस सांगेल म्हणून.

आम्ही आत्याच्या घरच्या भिंतीवरचे जुने फोटो काढून बघितले. प्रत्येकात ते होतेच. मागची ओळ, उजवं टोक, अर्धा खांदा फोटोबाहेर. एकदा दिसले की मग दुसरं कुणी दिसेना. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि ते आत्याकडे. त्यानंतर आत्याकडे गेलो की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचो. तरी मानेला जाणवायचंच.

आत्याचं तर विचारूच नका. निवृत्त झालेली बाई, पण भाजी चिरता चिरता हात थांबायचा, डोकं कलायचं. "कुणीतरी लाइनीवर थांबलंय रे," ती म्हणायची. घरात फोन नव्हता.

ती अनाथाश्रमात गेली. जुने कागद वाळवीनं खाल्लेले. तिथल्या कारकुनाची मुलगी सापडली. ती सहज बोलून गेली, "बाबा ना, खिडकीतून समोरच्या दुकानाची जी पाटी दिसायची त्यावरचं आडनाव द्यायचे पोरांना." आत्या त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोर आता नुसतं बंद शटर होतं.

म्हणजे काका आमचे नव्हतेच. कुणालाही वाटेल, सुटलो! पण आत्यानं आमच्या वंशावळीला हात लावणं सोडलं आणि काकांची माणसं शोधायला घेतली. दायांची घरं, दवाखाने, जुन्या परिचारिका. मी पिशवी घेऊन मागे. दारं उघडायची, माना हलायच्या, दारं लागायची. परतताना मी बोलायला लागलो की ती हात वर करायची. ऐकत असायची.

काकांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा पाय सुजले होते आणि आवाज बसला होता. आम्हाला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, लागलं का काही?"

"लागेल," आत्या म्हणाली आणि बाहेर आली.

डॉक्टरांनी आशा सोडली होती. बाहेरच्या बाकावर मी तिच्याशेजारी बसलो आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणालो, "आत्या, घड्याळवाल्यांचे ते थोरले आजोबा होते ना, मूलबाळ नसलेले? त्यांचं नाव सांगून टाक काकांना. म्हणावं, हे तुमचे वडील. सुखानं जातील बिचारे. कोण तपासायला येणार आहे?"

आत्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वर गेल्यावर त्यांनी 'बाबा' म्हणून हाक मारली आणि तो माणूस वळलाच नाही, तर?"