नलूमावशीच्या बेगोनियाचं पाणी

नलूमावशीच्या यजमानांचा, काकांचा फोन आला तेव्हा मी विंचूरला आमच्या घरी होतो, संध्याकाळी एका हळदीत माझा नकलांचा कार्यक्रम होता, त्याची तयारी चालली होती. स्क्रीनवर ‘काका’ दिसलं आणि सवयीनं नलूमावशीच्याच आवाजात उचलला, “काय हो, चष्मा डोक्यावर असेल, आधी डोकं शोधा!” आमचा जुना खेळ. काका नेहमी हसायचे. त्या दिवशी नाय हसले. म्हणाले, “अरे, ती गेली. झोपेतच.” दोन महिने नाही झाले अजून. लोकांचे आवाज काढून पोट भरणारा माणूस मी, पण तेव्हा स्वतःच्या आवाजात साधं ‘अरेरे’ फुटलं नाही. काकांनी नंतर त्या फोनचा विषय कधी काढला नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.

गंगापूर रोडला त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. घरमालकीण नलूताई, मावशी हे मी लावलेलं. गॅलरीत तिचा बेगोनिया. बांबूसारखी पेरांची उंच कांडं, पंखासारखी लांबट पानं, वरून चांदीचे ठिपके, खालून काळपट लाल. पहिल्यांदा बघून मी म्हटलं, “मावशी, यावर चुना उडवला का कुणी?” ती लगेच, “तुम्हा विंचूरकरांना पान दिसलं की चुनाच आठवतो वाटतं, नकल्या?” तेव्हापासून मी नकल्या. जुन्या साडीच्या पट्ट्यांनी ती कांडं काठीला बांधायची, सकाळचं ऊन द्यायची, दुपारी पडदा ओढायची. पाण्याला मात्र लय कंजूष. मातीत बोट खुपसायचं, वरची माती कोरडी लागली तरच तांब्या उचलायचा. काकांचा हात सैल, ते ओतत सुटले की आवाज यायचा, “अहो, पुरे! झाड आहे, म्हैस नाही!” हे वाक्य मी अख्ख्या जिल्ह्यातल्या मांडवांत विकलं. एकदा तिनं स्वतः पुढं बसून ऐकलं, पदर तोंडाला लावून हसली.

सुतकाच्या दिवसांत माणसं भेटायला यायची. कुणीतरी म्हणालं, हिचा जीव या झाडात होता हो… आणि ओझरच्या आत्याबाईंनी तुळशीला घालावं तसं तांब्याभर पाणी घालून हात जोडले. झालं! मग येणारा प्रत्येक जण जाताना पाणी घालायला लागला. रडून डोळे सुजलेल्या माणसाला ‘आधी बोट खुपसून बघा’ कोण सांगणार? मीही घातलं, त्यांच्या मागं उभा राहून. तेरावं झालं, पाहुणे गेले, पण काका थांबेनात. सकाळी तांब्या, दुपारी तांब्या, दिवेलागणीला तांब्या. पानं पिवळी पडून गळायला लागली, कांडं बुडाशी काळी, मऊ.

“काका, मुळं कुजतायत. बास करा ना आता.”

“कळतं रे. हातच थांबत नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू म्हण ना एकदा. तिच्या आवाजात.”

त्या फोननंतर तो आवाज मी घशात गाडून टाकला होता. पण झाड डोळ्यांदेखत चाललं होतं. म्हटलं, “अहो, पुरे! झाड आहे, म्हैस नाही!” नाकातला सूर, शेवटचा हेल, सगळं बरोबर. कुठल्याही मांडवात टाळी पडली असती. काका हसले, पाहुण्याच्या विनोदाला हसावं तसे, आणि ओतत राहिले. “ही तुझ्या कार्यक्रमातली रे. मागच्या खोलीत तू ऐकतोयस हे माहीत असायचं तिला, म्हणून मुद्दाम ओरडायची. तू नसलास की जवळ येऊन… हळू म्हणायची.”

हळू म्हणजे कसं, हे विचारायचं तोंड नव्हतं मला. इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहिलो, तिच्या आवाजावर जेवलो, आणि तिनं माझ्यासाठी काढलेला आवाज तिचाच समजून गावभर वाटत फिरलो. हसू येईल तेवढं उचललं. बाकी बाई कशी बोलते, ऐकलंच नाही.

गुपचूप कात्री आणली. एका कांडाचं वरचं हिरवं, कडक टोक पेराखाली कापलं, खालची पानं काढली आणि काचेच्या बरणीत पाण्यात उभं केलं. शेजारणींना फांदी द्यायची असली की मावशी असंच करायची. काकांना म्हटलं, “याला घाला हवं तेवढं.”

कुंडीतलं झाड शेवटी गेलं. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. काका रोज सकाळी काठोकाठ भरतात, ओट्यावर सांडतं, मी फडक्यानं पुसतो. पेरातून पांढरी मुळं सुटलीत, दोऱ्यासारखी. काल काकांनी विचारलं, “कुंडीत कधी लावायचं रे?” खरं तर आताच लावायला हवं. मी म्हटलं, “राहू द्या अजून थोडे दिवस.” बरणीत आहे तोवर ‘पुरे’ कुणाला म्हणावं लागत नाही… आणि ते तिच्यासारखं हळू म्हणणं मला अजून येत नाही.