शुक्रवारची शिकार

इथे आखातात, अल मुंतझातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पोर कुणाचंही रडो, समोरच्या कोल्हापूरच्या काकू ते आधी कडेवर घेतात आणि मग विचारतात, "कुणाचं गं हे?" आम्हा चौघी नोकरीवाल्यांची पोरं अशीच त्यांच्या कडेवर वाढताहेत. वाद मिटवायचा झाला की त्या नुसतं "खलास" म्हणतात.

परवा शुक्रवारच्या सुट्टीत माझा नवरा चहा पितापिता त्यांना समजावत होता, "काकू, आदिमानवापासून हेच चालत आलंय. पुरुष शिकारीला, बाई गुहेत पोरांपाशी."

"असंय होय?" म्हणत काकूंनी आमची लेक अलगद त्याच्या मांडीवर ठेवली. "मग आज आम्ही शिकारीला जातो. खलास."

बाकीच्या तिघींच्या घरीही असंच एकेक पोर बापाच्या मांडीवर ठेवून त्या आम्हाला मासळीबाजारात घेऊन गेल्या.

सुरमई घेऊन परतलो, तर तिन्ही घरांना कुलपं. चारही बाप पोरांसकट आमच्या हॉलमध्ये! एक जण दुधाची बाटली हलवत होता, दोघं डायपरशी झटत होते आणि माझा नवरा घामाघूम होऊन बडबडगीतं म्हणत होता.

काकूंनी सावकाश चपला काढल्या.

"एकट्याला जमंना व्हय, पोरा? गुहेतल्या बाईलाबी जमत नव्हतं. म्हणून तर तिनं शेजारची काकू शोधून काढली."