नळीतून दिसणारी तारीख

ओंकार, मीरा, तुमच्या आजोबांनी शेवटच्या सकाळीही नर्सला कामाला लावलं. न्यूमोनियाने दम लागत होता, तरी तिने रक्त घेतल्यावर म्हणाले, "थोडा वेळ उभी ठेव नळी. वर पाणी सुटलं की उजेडाला धर." ती हसून नळी घेऊन गेली. संध्याकाळी ते गेले... ऐंशी ओलांडून, दोन्ही डोळे आणि दोन्ही पाय शाबूत असताना. हे मी, तुमची आजी, अभिमानाने लिहिते आहे. त्यांच्या वडिलांचा पाय मधुमेहाने कापावा लागला, तेव्हा आजोबा मेडिकलला शिकत होते. ते त्यांनी कधी विसरू दिलं नाही, स्वतःलाही.

पुढे नवी पेठेत त्यांनी रक्ततपासणीची लॅब काढली. तिथल्या खिडकीशेजारी कॅलेंडर टांगलेलं असे. रक्त गोठल्यावर वर सुटलेलं पिवळसर पाणी ते त्या कॅलेंडरसमोर धरून बघत. पलीकडची तारीख वाचता आली तर ठीक. ताकासारखं गढूळ दिसलं तर रक्तात चरबी फार. चाळिशीत, पोट सुटलेलं असताना, त्यांनी स्वतःची नळी धरली आणि तारीख दिसेना. साखर मात्र नॉर्मल होती. मला हायसं वाटलं. ते म्हणाले, "साखर सगळ्यात शेवटी बोलते." मग नीट समजावलं. गरजेपेक्षा जास्त गोड, तळलेलं खात राहिलं की यकृतात चरबी साठते, तिथून रक्तात उतरते. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओतून साखर कशीबशी ताब्यात ठेवतं, ते थकेपर्यंत. रिपोर्ट चांगला दिसतो तो या ओढाताणीच्या जोरावर. दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर, भजी, पाव बंद. कडक भाकरी, डाळ, पालेभाजी आणि संध्याकाळचं चालणं सुरू.

खरी परीक्षा पुढे तुमच्या आईच्या लग्नात आली. अक्कलकोटला तुमच्या अप्पाआजोबांच्या घरी पहिली पंगत होती. हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आणि तुपाची वाटी घेऊन अप्पा स्वतः वाढायला आले. आजोबांनी पानावर हात आडवा धरला. आजूबाजूचे जेवायचे थांबले. लेक कालच त्या घरात आली होती.

"आमच्या घरचं चालत न्हाय व्हय, डॉक्टर?"

"आवडतं म्हणूनच भीती वाटते, अप्पा. उद्या तुमच्या अंगणात नातवंडं पळतील. त्यांच्यामागे मला माझ्या पायांनी पळायचंय."

अप्पा तुपाची वाटी घेऊन पुढच्या पानाकडे वळले. तुमच्या आईने मान वर केली नाही... पण पुढच्याच आठवड्यात अप्पा उपाशीपोटी लॅबमध्ये हजर. आपली नळी कॅलेंडरसमोर धरून म्हणाले, "ह्येच्यात तर अख्खा महिना गायब हाय की." तेव्हापासून दोघे व्याही एकमेकांच्या पोटावरून टोमणे मारत पथ्य पाळू लागले. अंगणात तुमच्यामागे धावणारे दोन म्हातारे तुम्हाला आठवत असतीलच.

लॅब आता आजोबांची विद्यार्थिनी चालवते. कॅलेंडर दरवर्षी बदलतं, खिळा तोच आहे. मागच्या आठवड्यात अप्पा तपासणीला आले, तेव्हा मी सोबत गेले. नळी त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती आजोबा गेले त्या तारखेवर धरली.

"दिसती का, विहीणबाई?"

"स्वच्छ दिसते," मी म्हणाले.