बसा, बाई

हिरा गेल्याला आता महिना होईल. पालघरहून तिच्या भाच्याचा फोन आला. "आत्या गेली," तो म्हणाला, आणि त्याच दमात, घराची किल्ली कुणाकडे ठेवू, असंही विचारलं. हिरानं लग्न केलं नव्हतं. तिची पुस्तकं मी न्यावीत, असं ती त्याला सांगून गेली होती.

एकोणीसशे साठच्या दशकात आम्ही दोघी मुंबईत सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात होतो. मी सफाळ्याच्या बागायतदाराची मुलगी, ती तारापूरकडच्या कोळीवाड्यातली. पण हे फक्त मला ठाऊक होतं. वर्गात ती 'पालघरची' एवढंच सांगायची. त्याला कारण होतं. माणसाच्या वागणुकीचं शास्त्र शिकवताना आमचे सर अडाणीपणाचा दाखला म्हणून नेहमी मच्छीमारांची नावं घेत आणि वर्ग हसत असे. हिरा खाली मान घालून टिपणं काढी. तिची भाषा तोवर इतकी छापील झाली होती, की माझ्याशी एकटीनं बोलतानासुद्धा तिच्या तोंडून 'आहे'ऐवजी घरचं 'हाय' निघत नसे.

दुसऱ्या वर्षी क्षेत्रभेट निघाली. देवी टोचून घ्यायला लोक नकार का देतात, हे घरोघर जाऊन विचारायचं होतं. बोईसरला उतरून बसनं जायचं गाव नेमकं हिराचं निघालं. ती आजारी पडल्याचं सांगू शकली असती. पण हजेरीवर सरांचा कटाक्ष होता, आणि आपल्या वाट्याला दुसरी आळी येईल, अशी तिला आशा होती. आली ती तिचीच. आम्ही तिघं होतो. प्रश्न आमच्या वर्गातला साठे विचारणार होता, आम्ही दोघींनी ऐकायचं होतं.

अंगणात एक बाई काठ्यांवर बोंबील टांगत होती. हिराला पाहून तिचं सगळं तोंड उजळलं. ती हाक मारणार, तोच हिरा हात जोडून म्हणाली, "नमस्कार. आम्ही मुंबईहून आलो आहोत."

त्या बाईचे हात तसेच राहिले. तिनं साठेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, लेकीच्या कडक इस्त्रीच्या पातळाकडं पाहिलं... आणि पदराला हात पुसत म्हणाली, "बसा, बाई."

साठेनं मुलं किती, ते विचारलं.

"थोरला दर्यावर हाय. धाकटा देवीनं गेला."

"मुलगी नाही?"

"व्हती एक. गेली."

"तीसुद्धा देवीनंच?"

तिनं काठीवरचा एक बोंबील सरळ केला. "व्हय," म्हणाली. "देवीनंच नेली."

"दोन मुलं गेली, तरी तुम्ही टोचून घेत नाही?" साठेचा आवाज चढला होता. तिनं मान हलवली. "आमाला काय कळतंय?" साठे हिराकडं वळून इंग्रजीत म्हणाला, की सर सांगतात तो नमुना हाच. हिरानं होकार दिला. परत मुंबईला गेल्यावर साठेनं ही मुलाखत भर वर्गात वाचून दाखवली, सरांनी त्याची पाठ थोपटली, तेव्हाही हिरा खाली मान घालून टिपणं काढत होती. मला तिनं सांगितलं होतं ते बोईसरच्या फलाटावर, गाडी दिसू लागल्यावर. "ती माझी आई." मी म्हटलं, "कळलं मला."

पुढच्या रविवारी ती क्षमा मागायला घरी गेली. आईनं चटई अंथरली, पाहुण्यांसाठीच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "बसा, बाई." आई चिडली असेल, असं वाटून हिरा तिच्या पाया पडली. आई चिडली नव्हतीच. शांतपणे म्हणाली, "देवीचं नाव घेऊन सांगलं, नेली म्हून. आता तुमाला पोरगी म्हनले, तर ती खरंच नेल. एक नेला तो पुरे झाला."

त्या वर्षी हिरा वर्गात पहिली आली. लोकांच्या समजुती कशा बदलाव्यात, यावरचा तिचा निबंध सरांनी पुढच्या वर्गांना वाचायला दिला. तिनं शिकलेलं सगळं आईवर करून पाहिलं. समजावलं, डॉक्टरांना घरी नेलं, शेजारणींना मध्ये घातलं, भांडली. गावानं हळूहळू टोचून घेतलं. आईनंही दंड पुढं केला. पण लेकीला ती 'तुमी'च म्हणत राहिली. दारात आलेल्या लेकीला जवळ घेण्याची धास्ती तिनं सोडली नाही.

दशक संपता संपता आई तापानं अंथरुणाला खिळली. हिरानं मला बोलावून घेतलं. तापाच्या भरात म्हातारी सारखी दाराकडं बघून हाका मारत होती, "हिरा... ए हिरा, घरला ये गो." हिरा तिच्या तोंडाशी वाकली. "आय, मी आली हाय." इतक्या वर्षांनी ती बोली मी तिच्या तोंडून ऐकली. म्हातारीनं डोळे उघडले. तिनं ओळखलं, यात मला शंका नाही. ती घाबरली. अंग चोरून भिंतीकडं सरकली आणि जागा करून देत म्हणाली, "बसा, बाई." तेच तिचे शेवटचे शब्द.

मागच्या आठवड्यात पुस्तकं आणायला मी पालघरला गेले. हिरा तिथंच शिकवत असे. शिकवणाऱ्या बाईला गाव 'बाई'च म्हणतं, पण हिराला ते चालत नसे. तिचे विद्यार्थी, दूधवाला, खालच्या मजल्यावरची सून, सगळ्यांना तिनं नुसतं नाव घ्यायला लावलं होतं. कुणी चुकून बाई म्हटलं, तर ती दार लोटून घेई. लोक तिला तऱ्हेवाईक समजत. मी कपाट रिकामं करत असताना जिन्यावर टोपली टेकल्याचा आवाज आला आणि नेहमी येणाऱ्या कोळणीनं हाक मारली, "ए हिरा, दार उघड गो."

मी दार उघडलं आणि हिरा गेल्याचं तिला सांगितलं; महिनाभर ती इकडं आली नव्हती. ती पायरीवर बसली. मासळीवर माशा बसू लागल्या, तरी तिनं टोपली झाकली नाही.