गोष्टींच्या बोगद्यातली हाक

शहाद्याहून जीप सुटली तेव्हा सात वर्षांच्या सईला मी तिसऱ्यांदा बजावलं, "हात सोडायचा नाही. अनोळखी माणसांशी बोलायचं नाही." सासूबाई हसल्या. "आपन यात्राले चालनूत का लढाईले?" माझा स्वभावच तसा. पुण्याहून निघताना गॅस बंद आहे ना, हे बघायला मी दोनदा जिने चढले होते.

तापीकाठच्या यात्रेत आधी एका पालात कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि शेवभाजी खाल्ली. रस्सा इतका तिखट, की घटकाभर माझं काळजी करायचंही राहून गेलं.

मग सईला 'गोष्टींचा बोगदा' दिसला. पत्र्याच्या लांब शेडमध्ये रुळांवरून सुटे सुटे डबे जातात आणि अंधारात एकेक गोष्ट उजळते. राजकन्या, बोलका पोपट, डोळे फिरवणारा राक्षस. तिकीटवाला म्हणाला, "एक डबामा दोनच जन. पोरले पुढे बसाडा." सासूबाईंचे गुडघे धड नाहीत, त्यांना एकटं सोडवेना. सई पुढच्या डब्यात बसली, शेजारी धडगावकडची एक पावरा आदिवासी बाई. सांगायला लाज वाटते, पण मी त्या बाईचा चेहरा नीट लक्षात ठेवला. सईला म्हटलं, "आत ओरडायचं नाही हं. शहाण्यासारखं गप्प बसायचं."

राक्षसापाशी सईचा डबा वळून पडद्याआड गेला आणि वीज गेली. डबे जागीच थांबले. मोबाइलच्या उजेडात दिसत होते फक्त राक्षसाचे दात.

"सई!" उत्तर नाही. "सई!" बाहेरून तिकीटवाला ओरडला, "घाबरू नका, लाइट गयी, आते येई!" मी उतरायला उठले, तर सासूबाईंनी मनगट धरलं. "बस. खाले रूळ शेतस, पडशी." नाही नाही ते मनात आलं.

"पोरगी हाय इथं," पडद्यामागून बाईचा आवाज आला. "बोलत नाय."

मग तिनं एक लांबलचक हाक दिली, "हूऽऽऽ!" शेडबाहेरून तशीच हाक उलट आली. "माझा माणूस हाय तो," ती म्हणाली. "आमच्या डोंगरात घरं लांब लांब. अंधारात हाक नाय दिली, तर माणूस कुठं हाय, कसं कळंल? पोरी, तू दे."

मग बारीक, चिरका आवाज आला, "हूऽऽ!"

मी उलट हाक दिली ती पार घसा फाटेपर्यंत. सासूबाईंनीही दिली. वीज येईपर्यंत आम्ही चौघी आळीपाळीनं ओरडत होतो.

बाहेर आल्यावर मी त्या बाईचे हात धरले. ती नुसती हसली आणि नवऱ्यासोबत घोंगड्यांच्या दुकानांकडे निघून गेली.

परतीच्या जीपमध्ये सई माझ्या मांडीवर रेलली होती. "खूप घाबरली होतीस ना गं?" मी विचारलं.

"हो. मला रडू येत होतं. पण आवाज केला असता तर तू रागावली असतीस."

'छे, मी कशाला रागावेन,' असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणता आलं नाही. मी राक्षसाला भीत होते, अंधाराला भीत होते, त्या भल्या बाईलाही भीत होते. माझी मुलगी भीत होती ती मला.